नोंग्रिआटची उतरण आणि निळा डोह: दुसऱ्या भेटीनंतरचा अभिप्राय

मेघालयातील नोंग्रिआट या खासी गावापर्यंत उतरणारी पायऱ्यांची वाट, गावातला झाडाच्या मुळ्यांपासून वाढवलेला दुमजली जिवंत पूल, त्याच्याही पलीकडे घळीत असलेले नदीचे डोह आणि गावातल्या एका घरी केलेला मुक्काम, या सगळ्यांबद्दलचा हा अभिप्राय आहे. या वाटेने मी दोनदा गेले. पहिल्यांदा एका दिवसात जाऊन आले, आणि गेल्या डिसेंबरात भाचीला सोबत घेऊन दोन रात्री तिथे राहिले. वाट तीच होती, नदी तीच होती आणि महिनाही तोच होता, तरी दोन्ही वेळी हाती जे लागले त्यात फार मोठे अंतर होते. म्हणून जाण्याचा विचार करणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगते की हे ठिकाण एका दिवसाच्या सहलीत बसवू नये. किमान एक रात्र खाली काढता येत असेल तरच जावे, आणि दोन रात्री काढता आल्या तर फारच उत्तम.

पहिल्या वेळची हकिकत थोडक्यात सांगते, कारण आजही बहुतेक पर्यटक त्याच पद्धतीने जातात. एका सहल कंपनीने 'दुमजली पूल आणि धबधबा, एका दिवसात' असा कार्यक्रम आम्हांला दिला होता. शिलाँगहून सकाळी निघालो, वाटेत नाश्ता झाला, दऱ्या दिसणाऱ्या दोन-तीन जागांवर गाडी थांबली आणि टिर्ना गावात, म्हणजे जिथून पायऱ्या सुरू होतात तिथे, पोहोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. खाली उतरून पुलापाशी जाईतो साडेबारा झाले. पुलाची छायाचित्रे काढली, घाईने जेवलो, धबधब्याच्या दिशेने अर्धी वाट चाललो आणि वेळ संपत आली म्हणून मागे फिरलो. ईशान्येकडे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, ही साधी गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती आणि आम्हीही ती लक्षात घेतली नव्हती. घळीच्या तळाशी तर त्याच्या बरेच आधी ऊन जाते. शेवटच्या हजारभर पायऱ्या आम्ही मोबाइलच्या उजेडात चढलो. आमच्यातल्या एका काकांच्या पोटरीत गोळा आला, ते पायरीवरच बसले आणि त्यांना आधार देत वर आणण्यात आणखी तासभर गेला. त्या दिवशी आमच्यापैकी एकाचाही पाय पाण्यात बुडाला नाही. ज्या नदीसाठी एवढे उतरलो, ती आम्ही फक्त वरून पाहिली.

या वाटेचा अवघडपणा नेमका कशात आहे, ते सह्याद्रीत भटकणाऱ्यांना एका वाक्यात कळेल: इथे गड उलटा आहे. रायगड असो, हरिश्चंद्रगड असो किंवा गिरनार असो, आपल्याला आधी चढ लागतो, अंगात ताकद असते तेव्हाच कस लागतो आणि परतीला उतार मिळतो. नोंग्रिआटला सकाळी ताजेतवाने असताना उतार असतो, त्यामुळे आपण सहज जाऊ असे वाटत राहते, आणि खरी चढण दिवसाच्या शेवटी, दमलेल्या पायांच्या वाट्याला येते. त्यातून डोहात पोहून झालेले असले तर अंग सैल पडते, मांड्या जड होतात आणि त्याच अवस्थेत वरची वाट धरावी लागते. टिर्नापासून गावापर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. ते ऐकून लोक निर्धास्त होतात. पण त्या तीन किलोमीटरांत साधारण साडेतीन हजार पायऱ्या आहेत, आणि या वाटेचा अंदाज अंतरावरून न बांधता पायऱ्यांवरून बांधावा लागतो.

पायऱ्या सिमेंटच्या आहेत, बांधीव आहेत आणि एकंदरीत चांगल्या राखलेल्या आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. मात्र त्या अरुंद आहेत. माझे पाऊल काही मोठे नाही, तरी कित्येक ठिकाणी टाच टेकली की बोटे हवेत राहत होती, म्हणून पाय थोडा तिरका टाकून उतरावे लागले. अनेक जागी उभा उतार सलग शंभर-दीडशे पायऱ्या सुटतच नाही. उतरताना दम लागत नाही, पण गुडघ्यांच्या वाट्या बोलू लागतात, आणि अर्ध्या तासाने थांबले की पोटऱ्या आपोआप थरथरतात. टिर्नाला बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात. पहिल्या वेळी मी ती घेतली नव्हती. या वेळी घेतली, आणि गुडघ्यांवरचा भार निम्मा झाल्यासारखा वाटला. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने ती घ्यावी, आणि तरुणांनीही घ्यायला हरकत नाही. बुटांबद्दल सांगायचे तर तळाची पकड शाबूत असलेले साधे बूट पुरतात, पण सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते आणि गुळगुळीत तळाचे बूट तिथे अजिबात चालत नाहीत. डोहासाठी मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल वेगळ्या घ्याव्यात.

वाट दाट झाडीतून जाते. दोन्ही अंगांना पोफळी, फणस, तमालपत्राची झाडे आणि त्यांवर चढलेले मिरीचे वेल. मी मूळची चिपळूणची, त्यामुळे ही झाडे पाहताच गुहागरच्या एखाद्या वाडीत आल्यासारखे झाले, फक्त तिथली वाडी सपाट असते आणि ही डोंगराच्या कड्याला टांगलेली आहे. उतरताना मधे नोंगथिमाई गाव लागते. तिथून थोडी आडवाट करून एका लांबलचक एकमजली जिवंत पुलाकडे जाता येते. बहुतेक लोक ती आडवाट टाळतात. आम्ही गेलो, तेव्हा तिथे आम्हा दोघींखेरीज कोणीही नव्हते. त्यानंतर नदी ओलांडायला लोखंडी तारांचे दोन झुलते पूल येतात. पायाखाली तारा आणि गज आहेत, त्यांच्या फटींतून खाली हिरवेनिळे पाणी आणि घराएवढे धोंडे दिसतात, आणि समोरून कोणी येत असेल तर पूल दोन्ही बाजूंनी डुलतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी नजर समोरच्या काठावर ठेवावी आणि पुलावर एका वेळी मोजकीच माणसे असतील एवढे पाहावे. पूल मजबूत आहेत. गावकरी पाठीवर ओझे घेऊन रोज त्यांवरूनच ये-जा करतात.

आता नोंग्रिआटच्या दुमजली पुलाविषयी. उमशिआंग नदीवरचा हा पूल माणसांनी बांधलेला आहे असे म्हणावे तर त्यात एकही खिळा नाही, आणि आपोआप उगवला म्हणावे तर त्याच्या प्रत्येक मुळीला कोणीतरी दिशा दिलेली आहे. आपल्याकडे ओढ्यावर लाकूड-बांबू टाकून केलेल्या छोट्या पुलाला साकव म्हणतात. हा जिवंत साकव आहे. खासी भाषेत त्याला 'जिंगकिएंग ज्री' असे नाव आहे. काठावर रबराच्या वडाचे, म्हणजे फायकस इलॅस्टिकाचे झाड लावायचे, त्याच्या हवेत सुटलेल्या मुळ्या पोफळीच्या पोखरलेल्या खोडातून किंवा बांबूच्या आधाराने पलीकडच्या काठाकडे न्यायच्या, तिथल्या मातीत रुजवायच्या, आणि मग त्या जाड होऊन एकमेकींत मिसळून जाईपर्यंत वाट पाहायची. या कामाला पंधरा ते तीस वर्षे लागतात, म्हणजे जो माणूस सुरुवात करतो तो पुलावरून चालेलच असे नाही. कोकणात पोफळीच्याच खोडाची पन्हळ करून बागेला पाणी नेतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्याच खोडातून इथे मुळी नेली जाते हे समजले तेव्हा मी तिथल्या बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिले. लाकडाचा किंवा बांबूचा पूल या भागातल्या पावसात काही वर्षांत कुजतो. मुळ्यांचा पूल मात्र जितका जुना तितका भक्कम होत जातो. गावातले लोक सांगतात की खालचा मजला आधीचा आहे, आणि पुरात पाणी त्याच्यापर्यंत चढू लागले म्हणून वरचा मजला नंतर तयार केला गेला. 2022 साली या जिवंत पुलांचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आला.

पुलापाशी दुपारी अकरा ते तीन या वेळात इतकी गर्दी असते की छायाचित्रासाठी रांग लागते. तीननंतर ती गर्दी ओसरते, कारण सर्वांना अंधारापूर्वी वर पोहोचायचे असते. साडेतीन वाजता तिथे केवळ मुक्कामाला राहिलेले आठ-दहा लोक उरतात, आणि मग पूल पाहायला मिळतो. मी वरच्या मजल्यावर मुळ्यांच्या कठड्याला हात लावून उभी होते. एक मूळ माझ्या मनगटाएवढे जाड होते, त्याला दुसरे करंगळीएवढे मूळ विळखा घालून पुढे गेले होते, आणि दोन्ही जिथे टेकली होती तिथे सालीची रेषा पुसली जाऊन ती एकच झाली होती. त्या जोडावर बोट फिरवले तर कुठे एक संपते आणि कुठे दुसरे सुरू होते ते कळत नाही. पायाखालच्या फटी सपाट दगडांनी आणि मातीने भरलेल्या आहेत, आणि त्या मातीत नेचे उगवले आहेत.

मुक्कामाची सोय गावातल्या अनेक घरी होते. आम्ही जिथे राहिलो त्या घराचे नाव मी देत नाही, कारण ते लहान आहे आणि त्यांच्याकडे चारच खोल्या आहेत. इथल्या मुक्कामाकडून काय अपेक्षा ठेवावी एवढेच सांगते. खोलीत जमिनीपासून थोड्या उंचीवरच्या फळ्यांवर गाद्या, स्वच्छ चादरी, जाड रजई आणि मच्छरदाणी असते. स्वच्छतागृह सामाईक असते. गरम पाणी सांगितले तर चुलीवर तापवून बादलीभर मिळते. वीज असते, पण रात्री दोनदा गेली. मोबाइलचे नेटवर्क धरून चालू नये आणि रोख पैसे पुरेसे न्यावेत. जेवणात भात, डाळ, बटाट्याची भाजी, रानातली एखादी पालेभाजी, अंडी आणि टोमॅटोची झणझणीत चटणी एवढेच असते, आणि दिवसभराच्या चालीनंतर ते पोटभर आणि अतिशय चवदार लागते. तांदळाचा प्रत्येक दाणा, गॅसचे प्रत्येक सिलिंडर आणि सिमेंटची प्रत्येक गोणी कोणाच्या तरी पाठीवरून त्याच पायऱ्यांनी खाली आलेली असते, म्हणून पाण्याच्या बाटलीला शहरापेक्षा जास्त पैसे पडले तर घासाघीस करू नये. आमच्या दोघींचा दोन रात्रींचा मुक्काम आणि सगळे जेवणखाण मिळून जो खर्च आला तो शिलाँगमधल्या साध्या हॉटेलातल्या एका रात्रीच्या आसपास होता.

घरातल्या कर्त्या बाईंना सगळे 'काँग' म्हणत. खासी भाषेत थोरल्या बहिणीला आणि आदराने कोणत्याही बाईला तसे म्हणतात, आपल्या 'ताई'सारखे. संध्याकाळी त्या ओट्यावर बसून सुपारी कापत होत्या. अडकित्ता नव्हता. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली ओली सुपारी दाबून धरायची आणि छोट्या सुरीने साल सोडवत तिच्या फोडी करायच्या, असे त्यांचे चालले होते, आणि बोलताना त्या हातांकडे पाहतही नव्हत्या. चुना लावलेल्या पानाच्या तुकड्यासह ती फोड त्यांनी मला दिली. याला 'क्वाई' म्हणतात, आणि घरी आलेल्या माणसाला ती देणे ही तिथली पहिली रीत आहे. आमच्याकडच्या वाळलेल्या सुपारीपेक्षा ही कितीतरी उग्र असते. चावताच कान गरम होतात आणि थंडीतही कपाळावर घाम येतो. मी चिपळूणला आमच्या घरामागे पोफळी आहेत असे सांगितले, तेव्हा त्यांनी एका झाडाला वर्षाला किती सुपारी धरते, असे विचारले, आणि मग पाऊण तास आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत केवळ पोफळींविषयी बोललो. खासी समाजात घर आणि जमीन आईकडून मुलीकडे, आणि तीही धाकट्या मुलीकडे जाते. त्या स्वतः धाकट्या होत्या, आणि घराच्या मागचा उतार त्यांच्या आईने त्यांना दिलेला होता.

डोहांकडे जायला दुसरा संपूर्ण दिवस ठेवला होता, आणि तो निर्णय अगदी योग्य ठरला. दुमजली पुलापासून पुढची वाट गावातून बाहेर पडते, पुन्हा पायऱ्या चढते-उतरते आणि मग घळीच्या अंगाने धोंड्यांमधून नदीच्या वरच्या दिशेने जाते. ही वाट टिर्नाच्या वाटेपेक्षा कमी वापरातली आहे. काही पायऱ्या निखळलेल्या आहेत, काही जागी मुळ्या धरून उतरावे लागते, आणि डिसेंबरातही चिखलाचे दोन-तीन टप्पे लागले. आम्ही सातला निघालो. वाटेत कोणी नव्हते. घळीच्या माथ्यावर ऊन आले होते, पण तळाशी अजून निळसर सावली होती आणि पाण्याचा आवाज सगळीकडून एकसारखा येत होता.

मोठ्या धबधब्याच्या आधी नदी एका ठिकाणी प्रचंड धोंड्यांच्या मधे अडते आणि तिथे डोह झाला आहे. कोकणात नदीतल्या अशा खोल जागेला आम्ही कोंड म्हणतो. पण कोंडाचे पाणी काळेभोर असते, आणि हे पाणी स्वच्छ काचेचे, निळ्या-हिरव्या रंगाचे आहे. पावसाळा संपल्यावर नदीचा वेग कमी होतो, गाळ खाली बसतो आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात हा रंग दिसतो. कडेच्या खडकांत पाण्याने कोरलेले खळगे पाहून कुकडी नदीतल्या निघोजच्या रांजणखळग्यांची आठवण झाली. दगड गोटे होऊन फिरत राहतात आणि खडक कोरत जातात, हे काम दोन्हीकडे सारखेच चालते.

भाची चांगली पोहते आणि माझ्या आधी पाण्यात उतरली. काठावरून तळाचे पांढरे गोटे एकेक मोजता येत होते. ती चार हात पुढे गेली, पाय खाली सोडला आणि एकदम वर येऊन म्हणाली, "मावशी, तळ दिसतोय, पण पाय टेकत नाहीये." हा डोळ्यांचा धोका प्रत्येकाने समजून घ्यावा. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला पाण्याची खोली सुमारे पाऊणच भासते. दहा फूट खोल पाणी साडेसात फुटांसारखे वाटते, आणि पाणी जितके नितळ तितकी ही फसगत सोपी. ज्याला पोहता येत नाही त्याने इथे कंबरेएवढ्या पाण्याच्या पुढे जाऊ नये. काठाला धोंड्यांच्या आडोशाला उथळ जागा पुष्कळ आहेत, तिथे बसूनही समाधान होते. खडकावरून सूर मारण्याचा मोह पूर्णपणे टाळावा, कारण पाण्याखाली धोंडे आहेत आणि इथे कोणाला दुखापत झाली तर त्याला माणसांच्या खांद्यांवरून साडेतीन हजार पायऱ्या वर न्यावे लागेल. इथे कोणी जीवरक्षक नसतो.

पाणी थंडगार होते. पहिल्या क्षणी छातीत श्वास अडकतो, मग दोन मिनिटांत अंगाला सवय होते, आणि त्यानंतर बाहेर यावेसे वाटत नाही. मी पाठीवर तरंगत राहिले. वर दोन्ही कडांची झाडी एकमेकींकडे झुकलेली होती आणि मधे आभाळाची अरुंद पट्टी होती. आदल्या दिवशी दुखावलेल्या गुडघ्यांना त्या थंड पाण्याने जो आराम मिळाला तो कोणत्याही मलमाने मिळाला नव्हता. उथळ जागी पाय सोडून बसलो की बोटांएवढे मासे येऊन टाचांची मेलेली कातडी टिपतात. सुरुवातीला अंगावर शहारा येतो, नंतर सवय होते. साबण, तेल, सनस्क्रीन लावून या पाण्यात उतरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हेच पाणी पुढे गावाखालून वाहते आणि त्यातच हे मासे जगतात. आम्ही साडेआठपासून अकरापर्यंत त्या डोहात आणि काठावर होतो. त्यातले पहिले दोन तास तिथे दुसरे कोणीही आले नाही.

इंद्रधनुष्याचा धबधबा त्याच्याही पुढे आहे. तो देखणा आहे, ऊन योग्य कोनात आले की तुषारांत खरोखर इंद्रधनुष्य दिसते, आणि पाहावा असाच आहे. परंतु त्याच्या थेट खालच्या कुंडात पाण्याचा ओढा जोराचा असतो आणि खडक कमालीचे निसरडे असतात, म्हणून पोहायचे असेल तर त्याआधीचे शांत डोहच बरे. ज्यांची ताकद मोजकी आहे त्यांनी डोहापर्यंत जाऊन परत फिरले तरी काही गमावले असे वाटून घेऊ नये.

ऋतूविषयी मात्र कोणतीही तडजोड करू नये. हा सोहऱ्याचा, म्हणजे आपण शाळेत चेरापुंजी म्हणून शिकलो त्या भागाचा प्रदेश आहे. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत तिथे 26,461 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो जागतिक विक्रम आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, तो दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तसे अठ्ठावीस दिवस एकापुढे एक ठेवून पाहावेत, म्हणजे त्या वर्षाचा अंदाज येईल. बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे बांगलादेशाच्या सपाटीवरून कुठेही न अडता येतात आणि थेट या डोंगरांच्या भिंतीवर आदळतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात घळीत पाणी किती चढेल हे खालच्या माणसाला कळण्याआधीच वरच्या पठारावर ठरलेले असते. पायऱ्या त्या दिवसांत शेवाळाने भरतात आणि नदी तपकिरी होऊन गर्जत असते. हिरवाई पाहायची हौस असेल तर पावसाळ्यात सोहऱ्याच्या पठारावरून धबधबे पाहावेत. डोहात उतरण्याचा बेत फक्त कोरड्या महिन्यांतच आखावा, आणि त्या महिन्यांतही आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर घरमालकाला विचारल्याखेरीज नदीकडे जाऊ नये. तिसऱ्या दिवशी पहाटे थोडा शिडकावा झाला होता, तेव्हा काँगने स्वतःहून आम्हांला सांगितले की आज नदीकडे जाऊ नका, सरळ वर जा. आम्हांला तसेही निघायचेच होते.

एक गोष्ट मनाला लागली ती लिहिते. दुपारच्या गर्दीनंतर पुलाखालच्या धोंड्यांमध्ये चिप्सची पाकिटे आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकलेल्या होत्या. गावातली दोन मुले बांबूच्या टोपलीत ती गोळा करत होती. वाटेवर जागोजागी बांबूच्या कचराकुंड्या टांगलेल्या आहेत, आणि तरीही हे घडते. पुलाजवळ जे प्रवेशशुल्क घेतात ते मामुली आहे आणि त्यातूनच ही देखभाल चालते, म्हणून ते देताना कुरकुर करू नये. पुलावर एकाच वेळी उड्या मारून झोके घेणारी मंडळीही आम्ही पाहिली. मुळ्या जिवंत आहेत, त्यांची साल सोलवटली जाते, आणि ती पुन्हा धरायला काही वर्षे लागतात.

आता चढण. आम्ही सकाळी पावणेसहाला, उजाडता उजाडता निघालो. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी, उकडलेली अंडी आणि काँगने दिलेली चार संत्री होती. शंभर पायऱ्या आणि दोन मिनिटे विश्रांती, असा नियम आम्ही सुरुवातीपासून पाळला आणि अंगात उत्साह असतानाही तो मोडला नाही. पहिल्या वेळी अंधारात चढताना जी धाप लागली होती ती या वेळी एकदाही लागली नाही. झुलत्या पुलांनंतरचा, नोंगथिमाईच्या आधीचा टप्पा सर्वांत उभा आहे, आणि तिथे थांबण्यासाठी लाज वाटू देऊ नये. तिथेच एक गृहस्थ वरून उतरताना भेटले. पाठीवर शंकूच्या आकाराची खोह टोपली, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, टोपलीत तांदळाची गोणी आणि वर अंड्यांचे दोन ट्रे दोरीने बांधलेले. त्यांची पावले अरुंद पायऱ्यांवर अशी पडत होती की अंड्यांचे ट्रे जराही हलत नव्हते. आम्ही कडेला सरून वाट दिली, 'खुब्लेई' असे खासी अभिवादन केले, त्यांनीही मान न हलवता तेच म्हटले आणि पुढे गेले.

गुडघ्यांचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि ज्यांना सलग दोन तास चढायची सवय नाही अशांनी तयारीशिवाय इथे येऊ नये. जाण्याआधी महिनाभर इमारतीचे जिने रोज चढावेत-उतरावेत. मी सहा मजले, दिवसातून दहा वेळा, असे तीन आठवडे केले होते आणि त्याचा खूप उपयोग झाला. लहान मुलांना आणायचे तर ती स्वतःच्या पायांनी वर येतील एवढी मोठी असावीत. ज्यांना हे जमणार आहे त्यांना मात्र माझी शिफारस निःसंकोच आहे. वाट कष्टाची आहे, मुक्काम साधा आणि जिव्हाळ्याचा आहे, आणि तो डोह मी आजवर पाहिलेल्या नदीतल्या सर्व जागांमध्ये पहिला आहे.

आम्ही टिर्नाला पोहोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. चहाच्या टपरीवर बसून बूट सोडत असताना शिलाँगकडच्या पहिल्या गाड्या येऊन लागल्या. माझ्याच वयाच्या एक बाई उतरल्या, आमचे मराठी बोलणे ऐकून जवळ आल्या आणि त्यांनी विचारले, "ताई, खाली जाऊन परत यायला किती वेळ लागेल हो?" मी त्यांना बसायला जागा केली आणि खाली एखादी रात्र राहता येईल का, ते आधी विचारले.